विरोधी बाकांवरचे नाथ पै

(आगमन शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत आपण ज्या माणसांच्या गोष्टी ऐकल्या, ती माणसे इथे आली आणि इथलीच झाली. बोटीवरचे खलाशी, डॉक्टर, गिरणीत आणि रेल्वेत राबलेले लोक. मी आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते इथे काही वर्षे राहिले, बॅरिस्टर झाले आणि परत गेले. विषय कळवला तेव्हा समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, "नाथ पैंचा आणि आपल्या शताब्दीचा संबंध काय?" प्रश्न रास्त होता. माझे उत्तर असे की, आपण इथे काय आणले याचा हिशेब मांडताना आपल्यापैकी काहींनी इथून काय नेले, तेही लिहून ठेवायला हवे. नाथांनी इथून बॅरिस्टरीची सनद नेली, ती तर पुष्कळांनी नेली. संसद म्हणजे काय, याची एक ठाम कल्पनाही ते घेऊन गेले, असे मला वाटते. त्या कल्पनेचे पुढे काय झाले, हाच आजचा विषय.

दुसरेही एक कारण आहे. आपल्यातले कोणी आता इथल्या नगरपालिकांत निवडून जातात, कोणी शाळांच्या नियामक मंडळांवर बसतात. बहुतेक वेळा आपण त्या टेबलाभोवती संख्येने थोडे असतो. संख्येने थोडे असताना काम कसे करायचे, हे ज्यांना शिकायचे असेल त्यांनी सत्ताधाऱ्यांची चरित्रे वाचून फारसा उपयोग नाही.

मुंबईत जन्मलेले शापूरजी सकलातवाला आपल्याला ठाऊक आहेतच. १९२२ मध्ये बॅटरसी नॉर्थमधून ते इथल्या पार्लमेंटात गेले, आणि १९२४ ते १९२९ या काळात तर कम्युनिस्ट पक्षाचे सभागृहातले ते एकटेच सभासद होते. त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवे, म्हणून मी तिकडे वळत नाही.

पंढरीनाथ बापू पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यात झाला. शिक्षण बेळगावात आणि मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९४२ च्या आंदोलनात उतरले, तुरुंगात गेले, तेव्हा वय विशीचे. स्वातंत्र्याच्या सुमारास ते कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला आले. लिंकन्स इन आपल्यापैकी बहुतेकांनी बाहेरून पाहिलेली आहे. हॉलबर्न स्टेशनवरून चालत गेले तर पाच-सात मिनिटे लागतात.

त्या लंडनचे चित्र जरा डोळ्यांपुढे आणा. साखर, लोणी, मांस शिधापत्रिकेवर. बॉम्बने पडलेल्या इमारतींच्या जागा अजून मोकळ्या. आणि सरकार मजूर पक्षाचे. १९४७ च्या पहिल्या दिवशी कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या होत्या, जुलै १९४८ मध्ये मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. भारतातल्या तरुण समाजवाद्याला हे सगळे पुस्तकात नव्हे, रस्त्यावर दिसत होते. शिवाय आणखी एक गोष्ट दिसत होती. ज्या चर्चिलने महायुद्ध जिंकून दिले, तो मतदारांनी हरवल्यामुळे १९४५ ते १९५१ सहा वर्षे विरोधी बाकांवर बसला होता. रोज उठून ॲटलींच्या सरकारला टोचत होता आणि त्यात कोणाला राष्ट्रद्रोह दिसत नव्हता. उलट, विरोधी पक्षनेत्याला इथे १९३७ पासून सरकारी तिजोरीतून पगार मिळतो. सरकारवर टीका करण्याचा पगार सरकारनेच द्यायचा! भारतात तसा कायदा व्हायला १९७७ उजाडले.

नाथ इथल्या आणि युरोपातल्या समाजवादी तरुणांच्या वर्तुळात लवकरच पुढे आले. समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते १९५४ मध्ये अध्यक्ष झाले. ऑस्ट्रियातल्या क्रिस्टल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मनात आणले असते तर युरोपात सन्मानाने आयुष्य काढता आले असते. पण १९५७ च्या निवडणुकीत त्यांनी प्रजा समाजवादी पक्षातर्फे राजापूर मतदारसंघातून अर्ज भरला.

राजापूर मतदारसंघ म्हणजे त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा १९८१ चा, त्यामुळे जुन्या मंडळींच्या बोलण्यात मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी सगळी 'रत्नांग्री'च. या भागात तेव्हा रेल्वेचा एक रूळ नव्हता. मुंबईहून गावी जायचे तर भाऊच्या धक्क्यावर बोट धरायची, आणि पावसाळ्यात बोटी बंद. घाटातून येणारी एसटी, त्यापुढे होडी, तर, आणि मग पाय. शेती भाताची, तीही पोटापुरती नाही. घरातला कर्ता पुरुष गिरणीत, गोदीत, नाहीतर साहेबाच्या घरी. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की चूल नीट पेटायची. आपल्यापैकी किती जणांची मुळे या मनीऑर्डरींच्या गावांत आहेत, ते हात वर करायला सांगून मोजता येईल, पण ते राहू द्या.

१९५७ ला संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, हे मान्य केले पाहिजे. समितीच्या पाठिंब्यावर त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात अनेकजण निवडून आले. लाट ओसरल्यावर त्यातले बरेच पुढच्या खेपेला दिसेनासे झाले. मे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, समितीचे मुख्य काम संपले, तरी राजापूरने १९६२ ला नाथांनाच पाठवले आणि १९६७ ला पुन्हा. सलग तीन वेळा, आणि तीनही वेळा विरोधी बाकांवर. आपल्या खासदाराला मंत्रिपद मिळणार नाही, हे मतदाराला दर वेळी माहीत होते.

आता सभागृहाचे आकडे ऐका, म्हणजे 'विरोधी' या शब्दाचे वजन कळेल. १९५७ च्या लोकसभेत ४९४ जागांपैकी काँग्रेसच्या ३७१ होत्या. नाथांच्या पक्षाच्या १९. १९६२ ला त्या १२ वर आल्या, १९६७ ला १३ झाल्या. भाषणाचा वेळ पक्षाच्या संख्येवर ठरतो. म्हणजे अर्थसंकल्पावर तासन् तास चर्चा झाली तरी या पक्षाच्या वाट्याला मोजकी मिनिटे. अधिकृत विरोधी पक्षनेता असा कोणी नव्हताच, कारण त्यासाठी लागणारी संख्या कोणाकडेच नव्हती. भारताच्या लोकसभेला पहिला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता मिळाला तो १९६९ मध्ये, तोही काँग्रेस फुटली म्हणून. नाथांची संसदेतली पहिली बारा वर्षे अशा सभागृहात गेली.

मग असा खासदार करतो काय? त्याच्याकडे हत्यारे तीन-चार. पहिले म्हणजे प्रश्नोत्तराचा तास. सकाळी सभागृह बसले की पहिला तास प्रश्नांचा. खासदाराने आगाऊ नोटीस देऊन प्रश्न विचारायचा. त्याला खात्यातला अधिकारी उत्तर लिहून देतो आणि मंत्री ते वाचून दाखवतो. इथपर्यंत सगळे सोपे. खरी मजा पुढच्या पूरक प्रश्नात. तो आगाऊ कळवलेला नसतो, त्याचे उत्तर मंत्र्याला तिथल्या तिथे स्वतःच्या डोक्यातून द्यावे लागते. फाईल वाचलेली आहे की नाही, हे त्या अर्ध्या मिनिटात साऱ्या देशाला कळते. दुसरे हत्यार लक्षवेधी सूचना. तिसरे, शुक्रवारचे शेवटचे अडीच तास, जे खासगी सभासदांच्या विधेयकांसाठी आणि ठरावांसाठी राखलेले असतात. शुक्रवारी दुपारनंतर बाके रिकामी होऊ लागतात, कारण सगळ्यांना आपापल्या गावी जाणाऱ्या गाड्या गाठायच्या असतात. तो तिसरा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे.

नाथांची आठवण निघाली की लोक वक्तृत्वाविषयी बोलतात. ते वक्ते होते यात शंका नाही. मराठीत बोलत तेव्हा कोकणातल्या वाडीवरची माणसे कंदील घेऊन मैलभर चालत येत, आणि इंग्रजीत बोलत तेव्हा सत्ताधारी बाकेही ऐकत. पण मला या स्तुतीचा थोडा रागच येतो. 'उत्तम वक्ता' म्हटले की त्या माणसाच्या म्हणण्याचा विचार करायची गरज उरत नाही, टाळ्या वाजवल्या की सुटलो. लोकसभेच्या चर्चांचे खंड आता घरबसल्या वाचता येतात. ते उघडले तर वक्तृत्वापेक्षा अभ्यास अधिक दिसतो. परराष्ट्र धोरण, गोव्यातली पोर्तुगीज राजवट, चीनची सीमा, सरकारी नोकरांचे पगार, बेळगावचा सीमाप्रश्न, कोकणातली दळणवळणाची साधने. विषय बदलतात, पद्धत तीच. आधी सरकारचेच कागद हातात घ्यायचे, त्यातली विसंगती दाखवायची आणि मग आवाज चढवायचा. आवाज आधी चढवणारे पुष्कळ असतात.

दोन प्रसंग थोडक्यात सांगतो. जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी देशभर संप केला. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशींनी महागाईत त्यांचे भागत नव्हते. सरकारने वटहुकूम काढून संप बेकायदा ठरवला, धरपकड केली आणि पाच दिवसांत तो संपला. नाथ या संपाच्या नेत्यांपैकी एक होते. त्यानंतर नोकरी गमावलेल्यांना परत घ्या, ही मागणी कोणीतरी सभागृहात धरून ठेवणे आवश्यक होते. जिंकलेल्या संपाला पुष्कळ बाप असतात, हरलेल्या संपामागे उभा राहणारा खासदार विरळा. आणि हेही विसरू नका की कोकणात मनीऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन याच केंद्र सरकारचा नोकर होता.

दुसरा प्रसंग १९६२ चा. चीनच्या हालचालींविषयी विरोधी बाकांवरून कित्येक वर्षे प्रश्न विचारले जात होते आणि सरकार ते हलके लेखत होते. ऑक्टोबरमध्ये हल्ला झाला. 'आम्ही सांगत होतो' म्हणायला यापेक्षा सोयीची वेळ नव्हती. १४ नोव्हेंबरला लोकसभेने आक्रमणाविरुद्ध एकमताने ठराव केला. एकमताने, म्हणजे नाथांच्या पक्षासह. जाब विचारायचे काम त्यानंतर पुन्हा सुरू झाले, आणि ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेच्या इतिहासातला पहिला अविश्वास ठराव मांडला. कधी गप्प बसायचे आणि ते किती दिवस, हे विरोधकाला नेमके कळावे लागते. इथल्या मंडळींना चर्चिल-ॲटलींच्या काळावरून हे नवीन वाटणार नाही.

आता त्या शुक्रवारकडे येतो.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. पंजाबातल्या एका जमीनदार कुटुंबाची जमीन कमाल धारणेच्या कायद्याखाली जात होती, त्यावरून हा खटला उभा राहिला. अकरा न्यायमूर्तींपैकी सहांनी एका बाजूने आणि पाचांनी दुसऱ्या बाजूने मत दिले. सहांचे म्हणणे असे की, संसदेला घटनादुरुस्ती करूनही मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही. आधी झालेल्या दुरुस्त्या टिकतील, पण यापुढे नाही. त्या काळी मालमत्तेचा हक्क हाही मूलभूत हक्कच होता, हे ध्यानात घ्या.

कोकणातल्या माणसाला याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. खोत आणि कुळे यांचे नाते काय होते, ते आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेले आहे. खोती मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. स्वातंत्र्यानंतर खोती रद्द करणारा कायदा झाला, कुळकायदा झाला, आणि हे कायदे कोर्टात अडकून पडू नयेत म्हणून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते नवव्या परिशिष्टात घातले गेले. म्हणजे राजापूरच्या कुळाच्या हातात सातबारा आला तो संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराच्या आधाराने. तो अधिकारच यापुढे नाही, असे न्यायालय म्हणत होते.

एप्रिल १९६७ मध्ये नाथांनी खासगी सभासद म्हणून घटनादुरुस्ती विधेयक मांडले. आशय सरळ होता: घटनेतले कोणतेही कलम, मूलभूत हक्कांसह, ठरलेल्या पद्धतीने दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे. विरोधी पक्षाच्या तेरा जणांतला एक माणूस म्हणतो की, संसदेचे, म्हणजे व्यवहारात सत्ताधारी बहुमताचे, हात बांधू नका! त्याच महिन्यात ज्यांनी हा निकाल दिला ते सरन्यायाधीश सुब्बा राव राजीनामा देऊन राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभे राहिले, आणि तेही विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून. निकाल देणारे विरोधकांचे उमेदवार आणि निकाल उलटवू पाहणारा विरोधी खासदार. कादंबरीत असे लिहिले तर संपादक म्हणेल, जरा जास्तच झाले.

नाथांना मूलभूत हक्क नको होते असे मुळीच नाही. आयुष्यभर ते त्याच हक्कांसाठी भांडले. त्यांची भूमिका अशी होती की, हक्कांचे अंतिम रक्षण लोक करतात, आणि लोकांचा आवाज संसदेत असतो. पाच-सहा न्यायमूर्तींच्या मतावर पिढ्यांचे भवितव्य ठरू नये. इथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना यात डायसी ऐकू येईल. संसद सार्वभौम आहे, ती करील तो कायदा, हे इंग्लंडच्या राज्यव्यवहाराचे पहिले वाक्य लिंकन्स इनमध्ये प्रत्येकाच्या कानावर पडत असे. आजसुद्धा इथली न्यायालये पार्लमेंटचा कायदा रद्द करीत नाहीत. १९९८ च्या मानवी हक्क कायद्याखाली फार तर 'हे हक्कांशी विसंगत आहे' एवढे जाहीर करतात आणि पुढचे पार्लमेंटवर सोडतात.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. घटनातज्ज्ञांनी साक्षी दिल्या, वर्तमानपत्रांतून वाद झडले, समितीचा अहवाल आला, सभागृहात पुन्हा चर्चा झाली. एका विरोधी सभासदाच्या विधेयकाने देशाला घटनेचा असा अभ्यास करायला लावल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. पण विधेयक मंजुरीपर्यंत पोहोचले नाही. सरकारने कधी ते जवळ केले, कधी लांबवले. २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि प्रलंबित विधेयके जशी आपोआप बाद होतात तसे तेही झाले. स्वतंत्र भारतात खासगी सभासदांची जेमतेम चौदा विधेयके आजवर कायदा झाली आहेत, आणि त्यातले शेवटचे १९७० चे. नाथांचे त्या चौदांत नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ जानेवारी १९७१ ला, बेळगावात हुतात्मा दिनाची सभा होती. १९५६ मध्ये सीमाभागात गोळीबाराला बळी पडलेल्यांचा तो स्मरणदिन. नाथ तिथे बोलले. त्याच रात्री, १८ तारखेच्या पहाटे, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीस. नवी निवडणूक दीड-दोन महिन्यांवर होती.

आता मी जे सांगणार आहे त्यावर इथल्या काही मित्रांचा माझ्याशी मतभेद आहे, आणि तो राहणार.

मार्च १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ५१८ पैकी ३५२ जागा मिळाल्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने चोविसावी घटनादुरुस्ती मंजूर केली. नाथांच्या विधेयकातला मूळ आशयच तिथे सरकारी विधेयक म्हणून आला. बरेच जण म्हणतात, म्हणजे अखेर नाथ जिंकले. मला तसे वाटत नाही. घटनादुरुस्तीला दोन-तृतीयांश मते लागतात. १९६७ च्या लोकसभेत काँग्रेसच्या ५२० पैकी २८३ जागा होत्या, म्हणजे दोन-तृतीयांशाला साठाहून अधिक कमी. नाथांनी विधेयक मांडले तेव्हा कोणताही एक पक्ष स्वतःच्या बळावर घटना बदलू शकत नव्हता. त्या सभागृहात 'संसद श्रेष्ठ' याचा अर्थ, सरकार आणि विरोधक मिळून श्रेष्ठ. १९७१ च्या सभागृहात त्याच शब्दांचा अर्थ एक पक्ष श्रेष्ठ असा झाला, आणि तोही पुढे एका व्यक्तीपर्यंत आक्रसला. शब्द तेच राहिले, पण मधल्या काळात सभागृह बदलले होते.

२४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्ती बसले. सात विरुद्ध सहा. चोविसावी दुरुस्ती त्यांनी वैध ठरवली, म्हणजे संसदेला मूलभूत हक्कही दुरुस्त करता येतात हे नाथांचे म्हणणे मान्य झाले. पण लगेच पुढे म्हटले, घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. हे दुसरे वाक्य नाथांना आवडले असते का? १९६७ मधले नाथ याला कडाडून विरोध करतील, असे त्यांची भूमिका वाचून वाटते. पण १९७५ मध्ये त्यांचे सहकारी कुठे होते? नाथांनंतर राजापूरमधून निवडून आलेले प्रा. मधु दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात. मधु लिमये तुरुंगात. आणि १९७६ मध्ये बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हानच देता येणार नाही, असे लिहून टाकले गेले. विरोधी बाके तुरुंगात असताना संसद सार्वभौम होती.

माझे मत असे आहे की नाथांचा प्रश्न बरोबर होता. लोकांनी निवडलेल्या सभागृहाच्या वर कोणी असावे का, हा प्रश्न कुठल्याही लोकशाहीला टाळता येत नाही, आणि कुळाच्या हातात जमीन द्यायची की नाही हे न्यायालयाने ठरवू नये, हेही खरे. पण उत्तर देताना त्यांनी लंडनचा एक भाग नेला आणि एक भाग इथेच राहिला. इथल्या पार्लमेंटची सार्वभौमता कागदावर नसलेल्या शेकडो संकेतांनी बांधलेली आहे.  ते संकेत बोटीने पाठवता येत नाहीत. नाथांना स्वतःच्या सभ्यतेवरून सभागृहाची सभ्यता मोजायची सवय होती, असे मला त्यांची भाषणे वाचताना वाटते. १९५७ ते १९६७ काँग्रेसकडे दोन-तृतीयांश होतेच, तरी नेहरूंनी ते तसे वापरले नाही, म्हणून हा विश्वास बसला असेल. समोर नेहरू बसलेले असताना सभागृहावर विश्वास ठेवणे सोपे होते.

माझ्या मित्रांचे म्हणणे, नाथ हयात असते तर आणीबाणीत पहिल्या दिवशी तुरुंगात गेले असते, मग त्यांच्या नावावर हे कशाला टाकता? टाकत नाही. तुरुंगात गेले असतेच, याबद्दल माझी खात्री त्यांच्याइतकीच आहे. पण एखाद्या माणसाला गंभीरपणे घ्यायचे तर त्याच्या विचाराचे पुढे काय झाले, तेही पाहावे लागते. तसबिरीला हार घालणे त्याहून स्वस्त पडते.

आता कोकण. गावाकडे नाथांचे नाव काढले की आदराने मान हलते आणि मग हळूच प्रश्न येतो: भाषणे उत्तम केली, पण आणले काय? याचे प्रामाणिक उत्तर, विरोधी खासदार काही आणत नाही. त्याच्या हातात तिजोरी नसते. तो मागणी जिवंत ठेवतो. कोकणातून रेल्वे जावी, हे नाथ लोकसभेत मांडत राहिले. त्यांच्या हयातीत दिव्याहून निघालेला फाटा १९६४ मध्ये पनवेलला आणि १९६६ मध्ये आपट्याला पोहोचला, तिथेच थांबला. रोह्यापर्यंत जायला १९८६ उजाडले. मधल्या काळात त्यांच्याच मतदारसंघाचे दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, १९८९ मध्ये अर्थमंत्री, आणि तेव्हा रेल्वे खाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ पासून रोहा ते मंगळूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पुरा खुला झाला. नाथांना जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती.

१९५७ ते १९९१, चौतीस वर्षे राजापूरने पै आणि दंडवते या दोघांनाच लोकसभेत पाठवले. त्यातली जेमतेम तीन-चार वर्षे सोडली तर हा मतदारसंघ सदैव विरोधी बाकांवर बसला. देशातल्या सर्वात गरीब पट्ट्यांपैकी एकाने, जिथे मनीऑर्डर आली नाही तर चूल थंड, आपले मत इतका काळ सरकार नसलेल्या माणसाला दिले. यात त्यांचे नुकसान झाले का? रस्ते, बंदरे, कारखाने यांचा हिशेब काढला तर बहुधा झाले. कोणी म्हणेल तो भाबडेपणा होता. मी म्हणत नाही. पण त्या मतदाराचे नाव कुठल्याच स्मरणिकेत येत नाही, म्हणून इथे एवढे नोंदवून ठेवतो.

माझी वेळ संपत आली आहे. चर्चांचे जे उतारे मी काढून आणले आहेत, त्यांच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, घरी न्यायला हरकत नाही. घटनादुरुस्तीवरचा उतारा लांब आहे, पण तो आधी वाचा. तिसऱ्या रांगेत बेळगावची मंडळी बसली आहेत. १९७१ च्या त्या सभेला त्यांच्यातले एक जण शाळकरी मुलगा म्हणून हजर होते, असे त्यांनी मला चहाच्या वेळी सांगितले. प्रश्न विचारण्याआधी आपण त्यांना ऐकू या.